वंशावळीत लेकी कुठे?

२०२५च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. आधी बुलढाणा जिल्ह्यात ती राबवली गेली आणि मग सगळ्या महाराष्ट्रात आली. हेतू अगदी साधा होता. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं राहून गेलेली मयत माणसांची नावं कमी करायची आणि त्यांच्या जागी वारसांची नावं लावायची. गावोगावी चावडीवाचन झालं, मयत खातेदारांच्या याद्या निघाल्या, वारसांकडून कागद मागवले गेले. आमच्या कट्टा बाजारपेठेत त्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानापासून एसटीच्या थांब्यापर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता, “तुमची वंशावळ झाली काय?”

कोकणात हा प्रश्न जरा जास्तच बोचरा. इथला सातबारा म्हणजे जुन्या घराचा माळाच! पणजोबा जाऊन साठ वर्षं झाली, त्यांचा एक भाऊ परळच्या चाळीत वारला, दुसऱ्याची मुलं बडोद्याला स्थायिक झाली, तिसऱ्याचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. पण सातबाऱ्यावर चौघेही अजून ठणठणीत आहेत. पाच गुंठे भरडाच्या तुकड्यावर तीस-चाळीस नावं सामाईक. अशा जमिनीवर कर्ज काढायचं तर अडचण, आंब्याची नुकसानभरपाई घ्यायची तर अडचण, घर बांधायचं तर अडचण. तेव्हा मोहीम चांगली, याबद्दल वाद नाही.

निराधार पेन्शन, रेशनकार्ड, दाखले अशा कामांत गेली बरीच वर्षं मी इथल्या बायकांना मदत करते. त्यामुळे या निमित्ताने पंचक्रोशीतल्या वीस-बावीस घरांच्या वंशावळी माझ्या नजरेखालून गेल्या. कुणी फुलस्केपवर आखून आणलेल्या, कुणी कॅलेंडरच्या पाठीमागे. घरं वेगळी, जाती वेगळ्या, पण सगळ्या वंशावळींची ठेवण एकच. वर ‘मूळ पुरुष’. त्याच्याखाली त्याचे मुलगे. त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. लेकींची जागा कोपऱ्यात, आणि तीसुद्धा अशी: ‘मुली ३, लग्न झालेल्या.’ नाव नाही, गाव नाही, जिवंत की मयत तेही नाही. मेलेल्यांची नावं काढून सातबारा जिवंत करायला निघालो आणि जिवंत लेकींची नावं त्यात आलीच नाहीत, असं होत असेल तर थांबून विचार करायला हवा.

वंशावळीचे दिवस

एरवी घराण्याचा इतिहास शोधणं हे निवृत्त माणसांचं काम समजलं जायचं. महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. चित्पावन, कऱ्हाडे, सारस्वत अशा घराण्यांनी आपापले जाडजूड ग्रंथ काढले, पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. या ग्रंथांची एक गोष्ट मला आवडते. त्यांत बऱ्याच ठिकाणी सुनेचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. भंडारी, गाबीत, मराठा, बौद्ध, सुतार अशा बहुसंख्य घरांचा इतिहास मात्र पुस्तकात फारसा आलेला नाही. तो आहे सरकारी दप्तरात, देवळाच्या मानपानात आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

आता हा शोध हौसेचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरं, कुळांच्या नोंदवह्या, असं सगळं धुंडाळलं गेलं. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नात इथे शिरायचं नाही, पण त्या निमित्ताने लाखो घरांत ‘आपल्या पणजोबांचं नाव काय?’ हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला, हे खरं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांना कागद जमवावे लागले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी हाच अनुभव घेतला. जातपडताळणीला तर दर वर्षी मुलंमुली आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरतात.

म्हणजे वंशावळ हा आता सरकारी कामाचा कागद झाला आहे. आणि सरकारी कागदात जे नाही ते व्यवहारात नसल्यातच जमा होतं. २६ जानेवारी २०२४ला ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा अधिसूचनेचा मसुदा निघाला. त्यात अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्या असा उल्लेख आहे. सोयरिक ज्यांच्यामुळे जुळते त्या आई, आजी, पणजी मात्र त्या ओळीत नाहीत. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे, की वाचताना खटकतही नाही!

नाव गळतं कसं?

लेकींची नावं मुद्दाम दुष्टपणाने वगळली जातात असं दर वेळी नसतं. ती गळण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट लग्नाची. तांदळावर नवं नाव लिहिलं, की माहेरचं नाव त्या ताटातच राहतं. शाळेच्या रजिस्टरात ‘सुलोचना’ असलेली मुलगी सासरी ‘सरस्वती’ होते, आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं. नावाच्या तिन्ही शब्दांतला एकही शब्द उरत नाही. पन्नास वर्षांनी ‘ही तीच’ हे सिद्ध करायचं कसं? पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच, म्हणून त्याची वंशावळ सरळ लागते.

दुसरी वाट सातबाऱ्यातल्या तीन अक्षरांची. जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं दिसतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारल्यावर सगळ्या भावंडांच्या वतीने थोरल्या भावाचं नाव असं लागायचं. धाकट्या भावांचे आणि बहिणींचे हक्क त्या अक्षरांच्या मागे झाकले गेले. पुढे थोरला भाऊ वारला, तेव्हा त्याचीच मुलं वारस म्हणून लागली आणि ‘ए.कु.मॅ.’ गळून पडलं. धाकटे भाऊ गावात होते, ते भांडले. बहिणी सासरी होत्या, त्यांना कळलंच नाही.

तिसरी वाट ‘इतर हक्क’ या रकान्याची. पूर्वी अनेक फेरफारांत मुलगे कब्जेदार म्हणून मुख्य रकान्यात आणि बहिणी बाजूच्या ‘इतर हक्कात’ अशी पद्धत होती. कागदावर नाव असायचं, पण पाहुण्यासारखं.

चौथी वाट आपल्या तोंडची. “पोरींक काय देवचा? तेंची लग्ना केली मा!” हे वाक्य मी बाप्यांपेक्षा बायकांच्या तोंडून जास्त ऐकलं आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे चार तारखा लक्षात ठेवायला हव्यात. हिंदू वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण त्यांतही मुलगी वारस आहेच.

१७ जून १९५६ला हिंदू वारसा कायदा आला. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र जन्माने हक्क मुलग्यांचाच राहिला. मुलीला वाटा मिळायचा तो वडिलांच्या वाटणीतला. २२ जून १९९४ला महाराष्ट्राने आपली दुरुस्ती केली आणि मुलीलाही जन्माने हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राची दुरुस्ती अमलात आली, तिच्यात लग्नाची अट नव्हती. तरी ‘त्या दिवशी वडील हयात हवेत का?’ यावर पुढे पंधरा वर्षं घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री आता उकरता येत नाही.

आणि या सगळ्याला एक मागची बाजूही आहे. वडील १९५६चा कायदा येण्यापूर्वी वारले असतील आणि मागे पत्नी आणि मुलगी असतील, तर मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या लेकीचा हक्क आहे की नाही, हे तिचा बाप नेमका कधी वारला यावर ठरू शकतं. घराण्याचा इतिहास शोधणं ही रिकामटेकडी हौस कशी नाही, ते इथे कळतं.

एक उदाहरण सांगते. जवळच्याच एका वाडीतल्या आजी, वय ऐंशीच्या पुढे. माहेरच्या जमिनीचा विषय निघाला तेव्हा पुतण्यांनी सांगितलं, की आमचे आजोबा १९५४-५५च्या सुमाराला गेले, त्यामुळे आत्याचा प्रश्नच येत नाही. मृत्यूची नोंद कुठे मिळेना, फेरफारही त्या काळात झालेला नव्हता. आजींना साल सांगता येईना. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “धाकट्या भावाच्या बारश्याक बापूस होतो मा! तेनीच नाव ठयल्यान.” धाकटा भाऊ आता नाही, पण त्याची शाळा आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याची जन्मतारीख १९५८ची निघाली. शाळेतल्या जन्मतारखा तेव्हा अंदाजे घालत हे मान्य, पण त्याचं नाव पहिलीत दाखल झालं १९६४ मध्ये. अंदाज कितीही चुकला तरी पहिलीतलं पोर दहा वर्षांचं नसतं! म्हणजे बाप १९५६ नंतर हयात असण्याचीच शक्यता जास्त. पुतण्यांनीही ते मानलं, कारण मुद्दा भांडणाचा नव्हताच. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आजींचं नाव लागलं. जमीन पूर्वीसारखी पुतण्याच कसतो.

कोडी अशी सुटतात

वंशावळीची कोडी सोडवताना काही गोष्टी मला उपयोगी पडल्या, त्या इथे देते.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे कागदात ‘रामा विठू’, मग ‘विठू रामा’, मग पुन्हा ‘रामा विठू’ असे येतात आणि आजोबा-नातू एकच समजले जाऊन मधल्या दोन पिढ्या गडप होतात. अशा वेळी नवऱ्यांच्या नावांवर विसंबू नका, बायकोचं नाव बघा. दोन ‘रामा विठू’ असतील, पण एकाची बायको ‘सखू’ आणि दुसऱ्याची ‘भागीरथी’ असेल. गुंता बाईच्या नावाने सुटतो! जुन्या कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम रामा’ हे चार शब्दांपेक्षाही लहान वाक्य एखाद्या घराण्याचा तिढा सोडवून जातं.

आडनावावरही भिस्त ठेवू नका. गावावरून पडलेलं ‘कर’वालं आडनाव एकाच गावातून निघालेल्या चार वेगवेगळ्या घरांचं असतं. परब, सावंत, गावकर, नाईक तर किती गावांत! त्यापेक्षा कुलदेवता, मूळ गाव, वाडी आणि देवळातला मान कोणता, हे विचारा. सासरी बाईला ‘पेंडूरकरीण’, ‘आचरेकरीण’ अशी माहेरच्या गावावरून हाक असायची. ती हाक आठवली तर माहेराचा गाव मिळतो आणि गाव मिळाला की निम्मं काम झालं.

मग कागद कुठले? गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही. बापाच्या मृत्यूनंतर कुणाकुणाची नावं वारस म्हणून सांगितली गेली, ते ६-कमध्ये दिसतं. नमुना १४, म्हणजे जुने जन्ममृत्यू. शाळेचं जनरल रजिस्टर. गिरणीतल्या नोकरीचे कागद. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, ज्यांत आईचं नाव असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या, घरातलं कुणी तिथे जाऊन आलं असेल तर. अनेक जिल्ह्यांचे जुने महसुली कागद आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत.

जुने कागद शोधताना आपल्या भागाचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधीचं बरंच दप्तर रत्नागिरी जिल्ह्याचं. आणि १९४८च्या आधी मालवण तालुका इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात. म्हणजे कुडाळची लेक आणि कट्ट्याची सून असलेल्या पणजीचे कागद दोन वेगळ्या राज्यांचे!

साल आठवत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला साल विचारूच नका. ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढ्या होता, असं विचारा. ती बुडाली १७ जुलै १९४७ला. गोवा मुक्त झाला तेव्हा लग्न झालं होतं का? तो दिवस १९ डिसेंबर १९६१. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं? ११ डिसेंबर १९६७. गिरण्यांचा संप लागला तेव्हा सासरे होते का? जानेवारी १९८२. बायकांच्या आठवणीत सन नसतो, पण कोण पाळण्यात होतं आणि कोण पोटात होतं हे पक्कं असतं. त्यावरून तारीख अचूक लावता येते.

“भावाक वायट वाटात”

आता खरा अवघड भाग. कागद मिळाले, नाव निघालं, तरी लेक स्वतःच म्हणते, “नको गे बाय, भावाक वायट वाटात. माहेर तुटात.” या बोलण्याला हसण्यासारखं काही नाही. साठाव्या वर्षीही चतुर्थीला, जत्रेला हक्काने जायला एक दार असावं, ही तिची भीती खरी आहे. आणि भावाची बाजूही अगदीच खोटी नसते. आईबापांचं दुखणंखुपणं त्याने काढलं, घराची कौलं त्याने परतली, घरपट्टी त्याने भरली. तुकड्यांचे आणखी तुकडे झाले तर काजूची चार झाडंही धड कुणाची राहणार नाहीत, हे त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे.

पण ज्यांच्यात मेळ आहे त्या घरांनी एक साधा क्रम पाळायला काय हरकत आहे? आधी नाव लावावं, मग काय ते ठरवावं. बहिणीला वाटा नको असेल तर तिने रीतसर हक्कसोडपत्र करावं. ते नोंदणी कार्यालयात नोंदवावं लागतं, वाचून बघता येतं, काय सोडतेय हे तिला कळतं. ती देते, म्हणजे ते तिचं होतं. वंशावळीतूनच नाव वगळलं तर ती काही सोडतही नाही, कारण ती जन्मलीच नव्हती असं आपण प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो. खोटं प्रतिज्ञापत्र करणं हा गुन्हा आहे, हेही त्यावर सही करणाऱ्यांनी विसरू नये.

आणि घाई कुणाला असते, तेही बघायला हवं. १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. किनाऱ्यालगतच्या आणि रस्त्यालगतच्या जमिनींना जे भाव आले ते आमच्या आईवडिलांच्या स्वप्नातही नव्हते. जमिनीला भाव नव्हता तोवर नाव असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता. आता दलाल येतो आणि म्हणतो, ‘वारस कमी असतील तर व्यवहार लवकर होईल.’ वारस कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणता, हे सांगायला नको.

कायद्याने बघितलं तर सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क मरत नाही. ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, मालकी त्यावर ठरत नाही, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण एकदा जमीन विकली गेली, तिच्यावर हॉटेल उभं राहिलं, की तो हक्क मिळवायला दिवाणी कोर्टात किती वर्षं जातात? त्यापेक्षा फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला जे पंधरा दिवस असतात, तेव्हाच बोललेलं बरं. आणि ते दिवस हुकले तरी प्रांतांकडे अपिलाची वाट असते.

शेजारचंच उदाहरण घ्या. बांद्याच्या पलीकडे गोव्यात १८७०पासून पोर्तुगीज नागरी कायदा आला. त्या कायद्याने मुलगा आणि मुलगी बरोबरीचे वारस. आईबापांना मनात आणलं तरी मुलांना, म्हणजे मुलींनाही, त्यांच्या राखीव हिश्शातून सहज बाजूला करता येत नाही. तिथेही भांडणं होतात, तिथेही बहिणींना गळ घातली जाते. पण वारसांच्या यादीत लेकीचं नाव आहे म्हणून तिथली नाती संपली नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी मुली गोव्यात दिल्या आहेत, त्यांना विचारून बघा.

म्हाळात आहे, कागदात का नाही?

लेकीसुनांची नावं वंशावळीत घालणं हे नवं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना मी म्हाळाची आठवण करून देते. पितृपक्षात भटजी नावं विचारतात तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा झाले की आई, आजी, पणजीचीही नावं घ्यावी लागतात. पुढे आईचे वडील, आजोबा, पणजोबा येतात, म्हणजे चक्क आईचं माहेर! महालयात तर आत्या, मावशी, बहीण यांनाही पिंड असतो. सवाष्णपणी गेलेल्या बाईसाठी नवमीचा वेगळा दिवस राखून ठेवलेला आहे. आपल्या जुन्या रीतीला दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या आठवत होत्या. भटजींनी पणजीचं नाव विचारल्यावर घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, तो भाग वेगळा!

सरकारही हळूहळू त्या बाजूला वळतं आहे. शेतकरी चळवळीतून आलेल्या लक्ष्मीमुक्ती योजनेने १९९२पासून सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोय झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असेल. ही मुलं मोठी होऊन वंशावळ काढायला बसतील तेव्हा त्यांना आई शोधावी लागणार नाही. पण त्यांच्या पणज्या, आज्या आज आपल्या ओसरीवर बसलेल्या आहेत. त्यांची नावं कुठल्याही सरकारी निर्णयाने परत येणार नाहीत. ती आपल्यालाच लिहून ठेवावी लागतील.

म्हणून मैत्रिणींनो, एक वही करा. घरातल्या प्रत्येक बाईला एक पान द्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, माहेरचा गाव आणि वाडी, शाळेत गेली असेल तर कुठल्या, लग्न कधीच्या सुमाराला, भावंडं किती, मुलं किती, त्यातली लहानपणी गेलेली किती. गेलेल्या मुलांचीही नावं विचारा, त्या सांगतात. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला आणि नाव बदलल्याचा काही कागद असेल तर त्याची झेरॉक्स त्याच पानात लावा. दोन्ही नावं एकाच कागदावर असलेला एखादा पुरावा मिळाला तर तो जपून ठेवा, तो सोन्याच्या मोलाचा. आणि कुणी तुमच्यापुढे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सहीला ठेवलं, तर सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. आपल्या नणंदांची नावं त्यात आहेत ना? आणि माहेरी अशीच वंशावळ निघाली असेल तर तिच्यात आपलं आहे ना? पहिला प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही, आणि तोच आधी विचारायला हवा.

चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येतात. एरवी वर्षभर न दिसणारे चुलते, आत्ये, मामेभाऊ एका घरात दोन-चार दिवस सापडतात. आरत्या झाल्या, जेवणं झाली, की पत्ते काढण्याआधी ती वही काढा. सर्वांत म्हाताऱ्या आजीला मध्ये बसवा आणि तिच्या आजीचं नाव विचारा. तिला ते ठाऊक असण्याची शक्यता आहे, आणि तिच्यानंतर ते सांगणारं दुसरं कुणी नाही.